‘प्रभात’ची वाटचाल : कारागिरांच्या मालकीची एक चित्रसंस्था

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘प्रभात फिल्म कंपनी’चे नाव आदराने घेतले जाते. हा आदर मात्र बहुधा ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ अशा निवडक चित्रपटांच्या कलागुणांपुरता मर्यादित राहतो. चित्रपट ही कला आहे, तसाच तो भांडवल, यंत्रसामग्री, वेतन आणि बाजारपेठ यांवर चालणारा उद्योगही आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात चार तंत्रज्ञ आणि एक सराफ यांनी सुरू केलेली संस्था सुमारे आठ वर्षांत व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरविली जाते, आणि त्यानंतर दीड दशकात तिचे दरवाजे बंद होतात, ही घटना केवळ कलासमीक्षेच्या भाषेत उलगडत नाही. वाणिज्य, अर्थशास्त्र, इतिहास आणि मराठी अशा निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांना ही एकच कथा वेगवेगळ्या अंगांनी उपयोगी पडू शकते. प्रस्तुत लेखात ‘प्रभात’च्या वाढीचा विचार एक स्वतंत्र निर्मितिसंस्था म्हणून केला आहे.

येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे हे आधीच सांगणे इष्ट. चित्रपट कोणता काढावयाचा, त्यात कोणी काम करावयाचे आणि मिळालेला नफा कोठे गुंतवावयाचा, हे तिन्ही निर्णय प्रत्यक्ष चित्रपट घडविणाऱ्यांच्याच हाती असणे, असा मर्यादित अर्थ येथे अभिप्रेत आहे. या अर्थाने पाहता ‘प्रभात’च्या समकालीन मोठ्या संस्थांची घडण निराळी होती. कलकत्त्याची ‘न्यू थिएटर्स’ (१९३१) ही बी. एन. सरकार या एका सधन व सुशिक्षित गृहस्थाच्या पुढाकाराने उभी राहिली. ‘बॉम्बे टॉकीज’ (१९३४) ही भागभांडवलावर चालणारी कंपनी होती आणि तिच्या संचालक मंडळावर मुंबईतील प्रतिष्ठित व्यापारी मंडळी होती. ‘प्रभात’चे मालक मात्र स्वतः पडदे रंगविणारे, फिल्म धुणारे, कॅमेरा चालविणारे लोक होते.

कोल्हापूरची शाळा

या लोकांची घडण बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात कोल्हापुरात स्थापन झालेल्या या कंपनीला सुरुवातीचे अर्थसाहाय्य गायिका तानीबाई कागलकर यांनी केले, आणि छत्रपती शाहू महाराजांचा तिला आश्रय होता. बाबूरावांनी चित्रीकरणाचा कॅमेरासुद्धा विकत न घेता येथेच तयार केला. ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) हे या कंपनीचे चित्रपट सुपरिचित आहेत. कंपनीत श्रमविभागणी अशी जवळजवळ नव्हतीच. सकाळी देखाव्याचे लाकूड तासणारा मनुष्य दुपारी दाढी लावून कॅमेऱ्यासमोर उभा राही आणि रात्री रसायनांच्या खोलीत जाई. आजच्या परिभाषेत याला अकार्यक्षमता म्हणता येईल. परंतु दहा वर्षे अशा रीतीने राबलेल्या माणसाला चित्रपट कसा होतो हे पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक होते, आणि हेच ‘प्रभात’चे पहिले भांडवल ठरले.

विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’तून बाहेर पडले आणि सराफ सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक पाठबळावर १ जून १९२९ रोजी त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. या पाच जणांच्या गुणांची बेरीज लक्षात घेण्याजोगी आहे. दिग्दर्शन शांताराम यांच्याकडे, छायाचित्रण धायबरांकडे, कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे, तर प्रयोगशाळा आणि यंत्रे दामल्यांकडे. पुढे बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणही दामल्यांनीच अंगावर घेतले. म्हणजे चित्रपटाच्या बहुतेक सर्व प्रमुख खात्यांचे प्रमुख हेच कंपनीचे मालक होते. खातेप्रमुखांना बाहेरून आणून भारी पगार द्यावयाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. नव्या धंद्यात पहिली दोन वर्षे तग धरण्याची ही युक्ती एखाद्या घरगुती कारखान्यासारखी होती, आणि ती यशस्वी झाली.

‘गोपालकृष्ण’ (१९२९) हा पहिला मूकपट. त्यानंतर दोन-अडीच वर्षांत आणखी काही मूकपट निघाले. त्यांपैकी ‘उदयकाल’ (१९३०) विशेष उल्लेखनीय आहे. शांताराम यांनी त्यात स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ब्रिटिश सरकारच्या अभ्यवेक्षकांनी ते बदलावयास लावले. पुढे ‘महात्मा’ या नावालाही अशीच हरकत घेण्यात आली आणि संत एकनाथांवरील तो चित्रपट ‘धर्मात्मा’ (१९३५) या नावाने प्रदर्शित झाला. विषय स्वतः निवडण्याचे स्वातंत्र्य परकीय राजवटीत कोठवर पोचत होते, याची ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

बोलपटाची उडी

मार्च १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपट काढणाऱ्या अनेक कंपन्यांपुढे जगण्याचा प्रश्न उभा राहिला. बोलपटाला ध्वनिमुद्रणयंत्र हवे, बंदिस्त चित्रीकरणगृह हवे, गाणारे नट हवेत, संगीतकार आणि वाद्यवृंद हवा. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती, पाट्या बदलल्या की चित्रपट लाहोरातही चाले आणि मद्रासमध्येही. बोलपटाने ही बाजारपेठ एका फटक्यात भाषेच्या सीमेत कोंडली. खर्च वाढला आणि ग्राहक घटले, असा हा दुहेरी पेच होता.

‘प्रभात’ने यावर शोधलेला उपाय तिच्या पुढील दहा वर्षांच्या अर्थकारणाचा पाया ठरला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीत आणि त्याच वेळी ‘अयोध्या का राजा’ या नावाने हिंदीत काढला गेला. देखावे तेच, वेशभूषा तीच, प्रमुख नट बहुतांशी तेच. एक प्रसंग मराठीत चित्रित झाला की तोच हिंदीत. दुसऱ्या आवृत्तीसाठी वाढणारा खर्च मुख्यतः कच्च्या फिल्मचा आणि वेळेचा. मराठी आवृत्तीने घरचा प्रेक्षक राखावा आणि हिंदी आवृत्तीने उत्तर हिंदुस्थानातून पैसा आणावा, अशी ही विभागणी होती. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांच्या या चित्रपटातील भूमिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुर्गाबाईंसारख्या प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने चित्रपटात काम करणे ही सामाजिक दृष्ट्या मोठी घटना होती, यात शंका नाही. परंतु उद्योग म्हणून पाहता या चित्रपटाचे खरे महत्त्व त्याच्या द्विभाषिक निर्मितीत आहे. मराठीत दर्जेदार चित्रपट काढणे परवडले ते हिंदीच्या आधारामुळे, ही गोष्ट मराठीच्या अभिमान्यांनी क्वचितच मोकळेपणाने मान्य केली आहे.

सगळेच प्रयोग साधले असे नाही. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्यासाठी फिल्म जर्मनीला नेण्यात आली. रंग मनाजोगे उतरले नाहीत आणि खर्च अंगावर पडला. पण हा प्रवास अगदीच वाया गेला असे म्हणता येत नाही. जर्मन स्टुडिओंची व्यवस्था, प्रकाशयोजना आणि भिंगे शांताराम यांना जवळून पाहता आली, आणि पुढच्याच वर्षीच्या ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे समीपदृश्य याच अनुभवाशी जोडले जाते.

पुण्याचे स्थलांतर

१९३३ च्या सुमारास कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यास येण्याचे ठरविले. कोल्हापूरला हा निर्णय लागला. राजाराम महाराजांच्या आश्रयाने त्याच वर्षी ‘कोल्हापूर सिनेटोन’ उभी राहिली आणि बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक ही मंडळी तिकडे गेली. पुण्यात येण्यामागील हिशेब समजण्यासारखा आहे. मुंबई हे वितरणाचे, कच्च्या मालाचे आणि यंत्रांच्या दुरुस्तीचे केंद्र. तेथे जागा महाग. पुणे मुंबईपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, गावाबाहेर माळरान मोकळे, वीज उपलब्ध, आणि नाटककार, गायक, लेखक यांचा तुटवडा नाही. एरंडवण्याच्या त्या माळावर चित्रीकरणगृहे, प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या, सुतारखाना, रंगशाळा, कपडेपट असे सारे एका कुंपणाच्या आत उभारले गेले. पुण्यातील ‘प्रभात रस्ता’ हे नाव याच स्टुडिओमुळे रूढ झाले.

‘अमृतमंथन’ (१९३४) हा पुण्यातील पहिला चित्रपट. त्याच्या हिंदी आवृत्तीने रौप्यमहोत्सव साजरा केला आणि स्थलांतराचा निर्णय बरोबर ठरला.

स्टुडिओ उभारला म्हणून धंदा चालत नाही. तयार चित्रपट वेळेवर पडद्यावर पोचला पाहिजे आणि तिकिटाचा पैसा वेळेवर परत आला पाहिजे. निर्माता बहुधा येथेच अडकतो. वितरकाकडून उचल घेतली की पुढच्या चित्रपटाचा विषयही वितरकच ठरवू लागतो. ‘प्रभात’ने हा धागा आपल्या हातून सुटू दिला नाही. ‘फेमस पिक्चर्स’चे बाबूराव पै यांच्याकडे वितरणाची जबाबदारी होती आणि पुढे तेच कंपनीचे भागीदार झाले. पुण्यात १९३४ मध्ये बांधले गेलेले किबे लक्ष्मी थिएटर कंपनीने भाड्याने घेतले. ‘प्रभात टॉकीज’ म्हणून ते पुणेकरांच्या तीन पिढ्यांना परिचित होते आणि २०१४ मध्ये ते मूळ मालकांकडे परत गेले. निर्मिती, वितरण आणि काही अंशी प्रदर्शन या तिन्ही पायऱ्या एकाच छपराखाली आल्यामुळे एका चित्रपटाची मिळकत सावकाराच्या दारात न जाता थेट पुढच्या चित्रपटात जाऊ शकली.

ऐन भराचा काळ

१९३६ ते १९४१ ही वर्षे या घडणीचे फळ होत. ‘अमरज्योती’ (१९३६), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माझा मुलगा’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘शेजारी’ (१९४१) एवढी नावे उच्चारली तरी पुरे. यांत ‘संत तुकाराम’चा विचार थोडा विस्ताराने करावा लागतो, कारण ‘प्रभात’ म्हणजे शांताराम हे रूढ समीकरण या एका चित्रपटाने मोडते.

‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांनी केले. एक यंत्रज्ञ, दुसरा चित्रकार, दोघेही मितभाषी. पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते, ज्यांची ओळख तोवर रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांसाठी होती. जिजाईची भूमिका कंपनीतच किरकोळ कामे करीत पुढे आलेल्या गौरी यांना देण्यात आली. बाहेरचा विख्यात नट एकही नाही. या चित्रपटातील विमान आणि चमत्कार जितके गाजले, तितकीच, किंबहुना अधिकच, त्यातील देहू गावाची साधी घरे, गोठा, चूल आणि जिजाईचा त्रागा यांची मोहिनी टिकून राहिली. चमत्कारावर विश्वास न ठेवणाऱ्या प्रेक्षकालाही उपाशी मुलांच्या आईचा राग खरा वाटतो. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तुकोबांचाच अभंग म्हणून कित्येकांनी स्वीकारले, हेही या चित्रपटाच्या भाषेच्या अस्सलपणाचे गमक होय. मुंबईच्या ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला जगातील उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. विशेष म्हणजे हा चित्रपट मूळ मराठीतच होता.

तारांकित नटाशिवाय, घरच्याच माणसांनी, घरच्याच दिग्दर्शकांनी केलेला चित्रपट सर्वांत मोठे यश मिळवतो याचा अर्थ असा, की कौशल्य एका व्यक्तीत नव्हे तर संस्थेत साठलेले होते. पुढच्याच वर्षी शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर ‘कुंकू’ काढला. जरठ-कुमारी विवाहाच्या या कथेत पार्श्वसंगीत टाळून घड्याळ, छत्री, काठी, जुना ग्रामोफोन अशा वस्तूंचे आवाज वापरले गेले. धार्मिक चित्रपटाचा नफा अशा धाडसाला आधार देत होता, आणि अशा चित्रपटांची प्रतिष्ठा धार्मिक चित्रपटाला नवा सुशिक्षित प्रेक्षक मिळवून देत होती.

कुंपणाच्या आत

मासिक पगार, वेळेची शिस्त, स्वच्छ आवार, एकत्र कुटुंबासारखी व्यवस्था, हे ‘प्रभात’चे चित्र आठवणीपर लेखनातून वारंवार येते आणि ते खोटे नाही. परंतु एकत्र कुटुंबात कर्त्याचा शब्द चालतो, हेही तितकेच खरे. ‘कुंकू’तील नीरेच्या भूमिकेने देशभर नावाजलेल्या शांता आपटे यांनी १९३९ मध्ये करारावरील वादातून स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले. पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) या पुस्तकात त्यांनी चित्रव्यवसायातील नटीच्या परिस्थितीविषयी परखडपणे लिहिले. पडद्यावर अन्यायाविरुद्ध उभी राहणारी स्त्री दाखविणाऱ्या संस्थेच्या दाराशी तीच अभिनेत्री आपल्या मागणीसाठी बसते, या प्रसंगाकडे केवळ नटीचा लहरीपणा म्हणून पाहिले गेले. तसे पाहणे योग्य नव्हे. कारागीर मालक झाले होते. उरलेले कारागीर मात्र पगारदारच होते. बाजारात ज्यांचे मोल एकाएकी वाढले त्या कलावंतांना सामावून घेण्याची सोय या व्यवस्थेत नव्हती.

मालकांच्या वर्तुळातही हीच उणीव होती. ‘राजपूत रमणी’ (१९३६) नंतर धायबर बाहेर पडले. ‘शेजारी’नंतर, १९४२ मध्ये शांताराम यांनी ‘प्रभात’ सोडली आणि मुंबईत परळ येथे ‘राजकमल कलामंदिर’ सुरू केले. भागीदारीचा हा जन्मजात दोष आहे. भागभांडवली कंपनीत एखाद्याने आपले भाग विकले तरी कंपनीची तिजोरी तशीच राहते. भागीदारीत मनुष्य गेला की त्याचे कौशल्य जाते आणि त्याचा हिस्साही भागवावा लागतो. पाच जणांच्या परस्परविश्वासावर उभारलेल्या संस्थेत नवा भागीदार तयार करण्याची, कर्तबगार सहायकाला मालकीत वाटा देण्याची रीत पडली नाही. राजा नेने, के. नारायण काळे, विश्राम बेडेकर, गजानन जागीरदार अशी माणसे संस्थेत असताना हे घडले नाही, ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

उतरण

शांताराम गेले आणि ‘प्रभात’ बुडाली, असे सामान्यतः सांगितले जाते. घटनाक्रम तपासला असता हे विधान अपुरे ठरते. ‘दहा वाजता’ (१९४२) आणि जागीरदारांचा ‘रामशास्त्री’ (१९४४) हे चित्रपट त्यानंतरचे आहेत, आणि ‘रामशास्त्री’ हा ‘प्रभात’च्या पहिल्या पंगतीतील चित्रपटांत मोडतो. त्याच सुमारास तरुण गुरुदत्त करारावर कंपनीत आले, आणि ‘हम एक हैं’ (१९४६) या चित्रपटातून देव आनंद यांनी पदार्पण केले. ५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे निधन झाले. एका अर्थाने शांताराम यांच्या जाण्यापेक्षा हा आघात मोठा होता, कारण दिग्दर्शक बाहेरून आणता येतो. सारी खाती जोडून ठेवणारा माणूस बाहेरून आणता येत नाही.

तथापि सगळा दोष भागीदारीच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. ‘बॉम्बे टॉकीज’ची मालकी निराळ्या प्रकारची होती, ‘न्यू थिएटर्स’ची आणखी निराळी, तरीही या तिन्ही संस्था १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातच मावळल्या. याचे कारण धंद्याच्या बदललेल्या हवेत शोधावे लागते. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घालण्यात आली. त्याच काळात युद्धाच्या नफेबाजीतून आलेला बेहिशेबी पैसा चित्रधंद्यात शिरला. स्टुडिओ नाही, कायम नोकरवर्ग नाही, प्रयोगशाळा नाही, अशा एका-दोन चित्रपटांपुरत्या निर्मात्याने प्रसिद्ध नटाला एका भूमिकेसाठी एवढी रक्कम देऊ केली, की मासिक पगाराची पद्धत टिकणे शक्यच नव्हते. शेकडो माणसांचा पगार, यंत्रांची झीज, इमारतींची देखभाल हा स्थिर खर्च चित्रपट असो वा नसो, ‘प्रभात’ला सोसावा लागे. १९३० च्या दशकात जे कुंपण तिचे सामर्थ्य होते, तेच आता ओझे झाले.

१९४९ मध्ये भारत सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली; तिचा अहवाल १९५१ मध्ये आला. स्टुडिओ-पद्धतीचा ऱ्हास, सट्टेबाज भांडवल आणि नटांचे अवास्तव मोबदले यांची नोंद या समितीने घेतली, आणि चित्रपटांना कर्जपुरवठा करणारे महामंडळ व प्रशिक्षणसंस्था यांची शिफारस केली. व्ही. शांताराम आणि बी. एन. सरकार हे दोघेही या समितीचे सदस्य होते. ज्या व्यवस्थेची उत्तरीय तपासणी चालू होती ती त्यांनीच उभारलेली होती.

‘प्रभात’साठी हे सारे उशिराचे होते. १९५३ च्या सुमारास कंपनीचा कारभार आटोपला. दामल्यांचे पुत्र अनंतराव दामले यांनी चित्रपटांचे हक्क पुढे परत मिळविले आणि त्यामुळेच या चित्रपटांचे खेळ नव्या पिढ्यांना पाहावयास मिळाले. स्टुडिओची जागा केंद्र सरकारने घेतली आणि १९६० मध्ये तेथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या प्रारंभीच्या काळात प्राचार्यपदाची जबाबदारी ‘रामशास्त्री’च्या जागीरदारांनीच सांभाळली. जे ज्ञान कोल्हापुरात एका माणसाने दुसऱ्याच्या हाताखाली राबून मिळविले, ते आता त्याच मैदानावर अभ्यासक्रम, तासिका आणि परीक्षा यांच्या रूपाने दिले जाऊ लागले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातील संग्रहालयाच्या फिल्मकोठारास आग लागली आणि ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील अनेक जुन्या प्रती नष्ट झाल्या; त्यांत ‘प्रभात’च्या प्रतीही होत्या. नंतरच्या फिल्मवर उतरवून घेतलेल्या नकला मात्र वाचल्या, आणि आज ‘संत तुकाराम’ पाहिला जातो तो या नकलांच्या आधारे.